आंब्याच्या विम्यापासून ऑप्शनपर्यंत: जोखमीचे गणित शिकायचे कुठे?

अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या आंबा बागायतदाराला ‘ट्रिगर’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हवामान आधारित फळपीक विमा योजनेने हा शब्द पडवीपर्यंत आणून पोहोचवला आहे. गारपिटीसारखे अपवाद सोडले, तर या विम्यात कोणी बागेत येऊन किती मोहर गळला याचा पंचनामा करत नाही. महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद पाहिली जाते. ठरावीक मुदतीत ठरलेल्या मिलिमीटरहून जास्त अवेळी पाऊस पडला, किंवा तापमान ठरलेल्या अंशाच्या वर अथवा खाली सलग काही दिवस राहिले, की भरपाई देय होते. नोंद झाली नाही तर भरपाई नाही, बागेत काहीही झालेले असो.

‘पाऊस माझ्या बागेत पडला, केंद्रावर पडलाच नाही’ ही तक्रार त्यामुळे दरवर्षी ऐकू येते आणि ती अगदी रास्त असते. कोकणात एका डोंगराच्या अल्याड आणि पल्याड हवा वेगळी असते. विमा ज्या आकड्यावर बेतला आहे तो आकडा आणि ज्याचा विमा काढला ते नुकसान यांत अंतर राहते. मुंबईतल्या बँकेत, लंडनमधल्या विमा बाजारात किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या फंडात काम करणारा माणूस याच अंतराला ‘बेसिस रिस्क’ म्हणतो आणि ते किती आहे हे मोजण्याचा पगार घेतो. क्वांटिटेटिव्ह फायनान्स, बोलीभाषेत ‘क्वांट’, हा विषय म्हणजे अनिश्चित भविष्याची आज किंमत काढण्याचे गणित. आपल्या किनाऱ्यावरची मुले या विषयाचा माल रोज डोळ्यांनी पाहत मोठी होतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते की हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे आणि त्यावर चांगली नोकरी मिळते. म्हणून हा लेख.

या विम्याचा हप्ता कसा निघतो ते एकदा हाताने करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा एका मंडळाच्या ३० वर्षांच्या नोंदी हाताशी आहेत आणि त्यांपैकी ६ वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ट्रिगर ओलांडण्याइतका पाऊस पडला. ट्रिगर लागला की हेक्टरी २०,००० रुपये द्यायचे. तीसपैकी सहा म्हणजे २० टक्के. २०,००० चे २० टक्के म्हणजे ४,०००. हा झाला शुद्ध हप्ता. त्यावर कंपनीचा खर्च आणि अडीअडचणीची तरतूद चढते. योजनेच्या मूळ रचनेत शेतकऱ्याने विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के भरायचे आणि उरलेला भार केंद्र आणि राज्य यांनी उचलायचा, असे आहे. दर फार चढला तर शेतकऱ्याचा वाटाही वाढतो.

शाळेतले गणित इथे संपते आणि क्वांटचे सुरू होते. तीस वर्षे हा नमुना लहान आहे. तीसपैकी सहा वेळा घडलेल्या गोष्टीची खरी शक्यता २० टक्केच असेल असे नाही. संख्याशास्त्राचे साधे सूत्र लावले तर ती साधारण १० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. म्हणजे शुद्ध हप्ता २,००० असेल किंवा ७,००० असेल, नोंदी दोन्हींना नाही म्हणत नाहीत. त्यात त्या सहा वर्षांपैकी चार वर्षे गेल्या दहा वर्षांतलीच निघाली तर? मग अलीकडची शक्यता ४० टक्के झाली आणि हप्ता ८,०००. हवामान बदलले आहे असे मानायचे की हा योगायोग धरायचा? कुठलेही सॉफ्टवेअर याचे उत्तर आपण होऊन देत नाही. कोणत्या वर्षांना किती वजन द्यायचे, शेजारच्या मंडळांच्या नोंदी उसन्या घ्यायच्या का आणि कशा, केंद्राची जागा मध्येच बदलली असेल तर जुन्या नोंदींचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी माणूस शिकलेला असावा लागतो. हप्ता २,००० ठेवला तर कंपनी बुडते किंवा पुढच्या वर्षी निविदाच भरत नाही. ८,००० ठेवला तर सरकारी तिजोरीतून आणि बागायतदाराच्या खिशातून विनाकारण पैसा जातो. चुकीच्या अंदाजाची किंमत माणसेच मोजतात, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

आता ३ जून २०२० चा दिवस घ्या. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड इथल्या सुपारी-नारळाच्या वाड्या काही तासांत झोपल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे पीक म्हणजे एका पिढीने लावायचे आणि पुढच्या पिढीने खायचे. नवे रोप फळायला पाच-सात वर्षे लागतात, त्यामुळे नुकसान एका हंगामाचे नव्हते.

विम्याचा सगळा धंदा एका नियमावर उभा असतो. हजार लोकांकडून हप्ता घ्यायचा. त्यांतल्या दहा-वीस जणांवर संकट येईल आणि उरलेल्यांच्या हप्त्यातून त्यांना द्यायचे. हे गणित एकाचे संकट दुसऱ्याच्या संकटापासून स्वतंत्र असेल तोपर्यंतच चालते. पनवेलमधल्या एका घराला आग लागली म्हणून रोह्यातल्या घराला लागत नाही. निसर्गसारखे वादळ मात्र हजारच्या हजार वाड्यांवर एकाच दुपारी येते. इथे सरासरी कामाची नाही. एकाच वेळी सर्वांना किती द्यावे लागेल, आणि तसे वर्ष शंभरात किती वेळा येईल, हे काढावे लागते. किनाऱ्याच्या एका तुकड्यावर इतके तीव्र वादळ येण्याचे प्रसंग नोंदींत जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतात. मग अरबी समुद्रातल्या वादळांचे मार्ग, वेग, समुद्राचे तापमान यांवरून संगणकात हजारो काल्पनिक वर्षे घडवतात आणि त्यांतली वादळे या किनाऱ्यावर सोडून पाहतात. याला कॅटॅस्ट्रॉफी मॉडेलिंग म्हणतात. विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या, म्हणजे पुनर्विमा कंपन्या, याच आकड्यांवर चालतात. आपली सरकारी जीआयसी री मुंबईतच आहे. भूगोल, हवामानशास्त्र आणि संभाव्यता असा तिहेरी पाया लागणारे हे काम आहे, आणि २००५ चा महाडचा पूर नि २०२० चे वादळ पाहिलेल्या मुलांनी या क्षेत्रात जावे असे मला मनापासून वाटते.

स्वतंत्र आहे असे धरलेले संकट प्रत्यक्षात एकत्र येणे, ही चूक फक्त वाड्यांच्या बाबतीत होत नाही. २००८ साली अमेरिकेत घडले ते हेच. वेगवेगळ्या राज्यांतली हजारो गृहकर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे विकले गेले. सगळी कर्जे एकदम थोडीच बुडणार, हे गृहीत त्यामागे होते. घरांच्या किमती देशभर एकदम उतरल्या आणि ती कर्जेही एकदम बुडू लागली. ते रोखे तपासणाऱ्यांत गणितज्ञ होते, मोठमोठ्या विद्यापीठांचे पदवीधर होते. तरीही कर्जे एकमेकांशी किती बांधलेली आहेत हा कळीचा आकडा चुकला होता. म्हणून या विषयाच्या कुठल्याही चांगल्या अभ्यासक्रमात आज मॉडेल कुठे मोडते हे मॉडेल शिकवण्याइतकेच जीव तोडून शिकवले जाते. जिथे ते शिकवत नाहीत तो अभ्यासक्रम घेऊ नये.

पावसाची किंमत इतिहास पाहून काढली. शेअर बाजारात मात्र किंमत काढण्याची एक निराळी युक्ती आहे, आणि ती समजली की या विषयाची गोडी लागते. एका कंपनीचा शेअर आज १०० रुपयांना आहे. सोयीसाठी धरू की महिन्याभराने तो १२० होईल किंवा ९०, तिसरे काही नाही, आणि व्याजही शून्य आहे. तुमच्या हातात एक कॉल ऑप्शन आहे, म्हणजे महिन्याने हा शेअर १०० रुपयांनाच विकत घेण्याचा हक्क. शेअर १२० झाला तर हक्काचे मोल २० रुपये, ९० झाला तर शून्य. आज या हक्काला किती द्यावे?

बहुतेक जण विचारतात, शेअर वर जाण्याची शक्यता किती? ती लागतच नाही. २ शेअर घ्या, २०० रुपये लागतील. त्यांतले १८० उसने घ्या आणि २० स्वतःचे घाला. महिन्याने भाव १२० झाला तर शेअरचे २४० येतील, १८० फेडून ६० उरतील. भाव ९० झाला तर १८० येतील, फेडून शून्य उरेल. आता ३ कॉल ऑप्शन पाहा. भाव वर गेला तर तिन्हींचे ६०, खाली आला तर शून्य. दोन्ही गोष्टींचे फळ तंतोतंत सारखे आहे. म्हणून आजची किंमतही सारखी असली पाहिजे: ३ ऑप्शनचे २० रुपये, एकाचे ६ रुपये ६७ पैसे. याहून महाग कोणी विकत घेत असेल तर त्याला ऑप्शन विकून आणि तो शेअरचा जोड बांधून बिनधोक नफा काढता येतो. स्वस्त विकत असेल तर उलट करता येते. शेअर चढेल की पडेल यावर दोघांचे मत वेगळे असले तरी किमतीवर एकमत व्हावेच लागते.

हीच कल्पना क्षणाक्षणाला बदलणाऱ्या भावाला लावली की १९७३ साली फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी मांडलेले सूत्र मिळते. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ चे नोबेल मिळाले; ब्लॅक १९९५ मध्येच वारले होते. त्याच्या कितीतरी आधी, १९०० साली, लुई बाशलिये या फ्रेंच विद्यार्थ्याने पॅरिसच्या रोखे बाजारावर प्रबंध लिहून भावाच्या यादृच्छिक चालीचे गणित मांडले होते. जपानच्या कियोसी इतो यांनी १९४० च्या दशकात त्या चालीचे कलनशास्त्र उभे केले. ऑप्शनचे गणित आज त्या कलनशास्त्रावर चालते. पाऊस मात्र बाजारात विकत मिळत नाही, त्याचा जोड बांधता येत नाही, म्हणून तिथे इतिहासाकडेच जावे लागते. कोणत्या जोखमीला कोणती रीत लागू पडते हे ओळखणे हा या शिक्षणाचा गाभा आहे, असे मी म्हणेन.

भारतात हे गणित बाजारात उतरले ते नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर जून २००० मध्ये निर्देशांकाचे फ्युचर्स आणि जून २००१ मध्ये निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाल्यावर. आज एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन, हा शब्द पेण-पनवेलच्या नाक्यावरही ऐकू येतो. इथे एक इशारा द्यायलाच हवा. रोखे बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी रुपये, खर्च वजा करण्यापूर्वी, कमावले. या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग संगणकी अल्गोरिदमने व्यवहार करणाऱ्यांचा होता.

म्हणजे मोबाइलवर ऑप्शन घेणाऱ्या तरुणाच्या समोरच्या बाजूला पाच-सात वर्षे संभाव्यता आणि संगणकशास्त्र शिकलेली माणसे आणि त्यांची यंत्रे बसलेली असतात. जमिनीचे आलेले पैसे किंवा वडिलांच्या फंडाची रक्कम घेऊन चार रविवारच्या क्लासच्या जोरावर त्यांच्यासमोर बसू नये. ज्याला या विषयाची खरीच ओढ आहे त्याने पलीकडच्या बाजूला जाऊन बसण्याइतके शिकावे. त्याची वाट लांब आहे, पण ती उघडी आहे आणि महागही नाही.

ही वाट गणित आणि संख्याशास्त्र यांतून जाते. वाणिज्य शाखेतून तिकडे वळता येते, पण मग गणित नव्याने आणि कसून करावे लागते. भारतात क्वांट होण्यासाठी ‘क्वांटिटेटिव्ह फायनान्स’ अशी पाटी असलेलीच पदवी हवी असे मुळीच नाही. नोकरी देणारे विचारतात ते संभाव्यता, रेषीय बीजगणित, विश्लेषण, संख्याशास्त्रीय अनुमान आणि पायथन किंवा सी प्लस प्लसमध्ये नीट प्रोग्राम लिहिता येतो का हे. म्हणून उत्तम वाट म्हणजे एखाद्या चांगल्या संस्थेतली गणिताची किंवा संख्याशास्त्राची एम.एस्सी. आयआयटी मुंबईत दोन्ही आहेत. तिथे आणि इतर आयआयटींत जाण्यासाठी ‘जॅम’ ही परीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत फायनान्शियल इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आहे. पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे संख्याशास्त्र विभाग आहेत. चेन्नईजवळची चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे.

आणि आहे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आयएसआय. या संस्थेचा रायगडशी असलेला संबंध आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले आणि रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये दिलेला राजीनामाही ठाऊक आहे. पण १९४५ ते १९६४ अशी जवळपास वीस वर्षे ते आयएसआयचे अध्यक्ष होते. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांनी कोलकात्यात उभ्या केलेल्या या संस्थेला १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा आणि स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, तो याच काळात. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकलेल्या आणि संस्कृतात रमणाऱ्या या माणसाला नव्या देशाचा कारभार नमुना पाहणीवाचून चालणार नाही हे नेमके कळले होते. त्यांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय रोह्यात आहे. त्या महाविद्यालयाच्या मुलांना आयएसआयच्या प्रवेश परीक्षेची माहिती मिळावी, यासारखे त्यांचे दुसरे स्मारक नाही.

आयएसआयमध्ये एम.स्टॅट. आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सची एम.एस. हे दोन अभ्यासक्रम इथे कामाचे. शिकवणीची फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळते. प्रवेश फक्त लेखी परीक्षा आणि मुलाखत यांवर. परीक्षा अवघड असते, त्यात पाठांतराला जागा नाही. या वाटेने काय होते त्याचे मराठी उदाहरण म्हणजे राजीव करंदीकर. इंदूरच्या होळकर विज्ञान महाविद्यालयातून बी.एस्सी., मग आयएसआयमधून एम.स्टॅट. आणि पीएच.डी. त्यांचे काम त्याच इतोंच्या कलनशास्त्रात आहे. गोपीनाथ कल्याणपूर यांच्याबरोबर त्यांनी ऑप्शनच्या किमतीच्या सिद्धांतावर २००० साली पुस्तक लिहिले. पुढे ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे संचालक आणि नंतर राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांची सुरुवात एका साध्या सरकारी कॉलेजच्या बी.एस्सी.तून झाली, हे आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे.

रायगडमध्येही एक महत्त्वाची संस्था आहे. सेबीने २००६ साली स्थापन केलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स, म्हणजे एनआयएसएम, रसायनीजवळ पाताळगंगा औद्योगिक वसाहतीत आहे. तिच्या परिसराचे उद्घाटन २४ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इथे रोखे बाजारावरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि दलाल, म्युच्युअल फंड वितरक, संशोधन विश्लेषक यांना सेबीच्या नियमाने द्याव्या लागणाऱ्या परीक्षा हीच संस्था घेते. भर बाजाराचे कामकाज आणि नियम यांवर आहे. गणित पक्के असलेल्याला बाजार कसा चालतो हे इथे शिकता येते. गणित मात्र आधी करूनच जावे.

तिसरी वाट विमागणितीची, म्हणजे ॲक्च्युअरीची. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा देऊन एकेक पेपर नोकरी करता करता देता येतो. वर्षे लागतात, चिकाटी लागते. घरची परिस्थिती बेताची असेल आणि दोन वर्षे पूर्ण वेळ शिकणे परवडत नसेल तर हीच वाट धरावी असे माझे मत आहे. फळपीक विम्याचे गणितही शेवटी याच लोकांच्या हातात असते.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९४ मध्ये या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू केली, आज न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, लंडन, झुरिक इथे अनेक आहेत. शिक्षण उत्तम, ओळखी उत्तम. पण अमेरिकेतल्या नावाजलेल्या अभ्यासक्रमाची फी आणि राहण्याचा खर्च मिळून आकडा कोटीच्या आसपास जातो, आणि व्हिसाचे नियम आपल्या हातात नाहीत. राहते घर गहाण टाकून जाऊ नये. आयएसआय किंवा आयआयटीतून एम.एस्सी. करून, दोन-तीन वर्षे मुंबईत काम करून, मग पीएच.डी.साठी गेले तर तिकडचे विद्यापीठच बहुधा खर्च उचलते.

शिकून झाल्यावर कामे कोणती? सर्वाधिक चर्चा अतिवेगवान व्यवहार करणाऱ्या संस्थांची होते. मुंबई आणि गुरुग्राममध्ये त्या आहेत, पगार थक्क करणारे आहेत, जागा मात्र फार थोड्या. त्यांच्या मुलाखतीतला एक नेहमीचा प्रश्न पाहा. सलग दोन छापे पडेपर्यंत नाणे सरासरी किती वेळा उडवावे लागेल? आणि छाप्यामागोमाग काटा पडेपर्यंत? दोन्हींची शक्यता सारखी, म्हणून उत्तर सारखे असावे असे वाटते. पण पहिल्याचे उत्तर ६ आहे, दुसऱ्याचे ४. कारण छापा-काटा हवा असताना छाप्यानंतर पुन्हा छापाच पडला तरी तुम्ही तिथेच राहता, आणखी एक काटा पडला की काम झाले. छापा-छापा हवा असताना मध्ये काटा पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा प्रश्न ऐकून ज्याला रात्री झोप येत नाही, त्याला हे क्षेत्र मानवेल.

बहुसंख्य नोकऱ्या मात्र शांत प्रकारच्या आहेत. मुंबई, पुणे, बंगळुरू इथे परदेशी बँकांची मोठी केंद्रे आहेत. तिथे किंमत काढणारी मॉडेल लिहितात आणि दुसऱ्या दालनात बसलेले लोक तीच मॉडेल मोडून पाहतात. या तपासणीच्या कामाला झगमगाट नाही. गृहीतके कोणती, विदा कुठला, बाजार एका दिवसात दहा टक्के पडला तर हे सूत्र काय उत्तर देईल, याचे शंभर पानी टिपण लिहायचे असते. २००८ नंतर जगभरच्या नियामकांनी ही तपासणी सक्तीची केली म्हणून या जागा आहेत. देशी बँका, पतमानांकन संस्था, म्युच्युअल फंड, क्लिअरिंग कॉर्पोरेशन, रिझर्व्ह बँक आणि सेबी यांनाही ही माणसे लागतात. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून संगणक अभियंता होऊन बाहेर पडणाऱ्यालाही यांतल्या अनेक ठिकाणी जागा आहे. त्याने दोन वर्षे संभाव्यतेवर घालवावीत, बाकीचे त्याच्यापाशी आहेच.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. आयएसआयची परीक्षा बहुधा मे महिन्यात असते. दोन्हींच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. अलिबाग, रोहा, महाड, श्रीवर्धन इथल्या महाविद्यालयांतल्या गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे की त्यांतली एक छापून वर्गाच्या फळ्यावर लावावी. आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलामुलींनो, तिसऱ्या वर्षाची वाट पाहू नका. त्या प्रश्नपत्रिका आजच उतरवून घ्या आणि रोज दोन उदाहरणे सोडवायला बसा.